पासलीच्या वाटेवर, मानेच्या आत

आधी हात मागे न्या. कवटी संपते आणि मान सुरू होते तिथे मधोमध एक खळगा लागेल. त्याच्या दोन्ही अंगांना अंगठे जरा दाबून धरा, डोळे मिटा आणि डोकं अजिबात न हलवता मिटल्या पापण्यांआड बुबुळं डावीकडून उजवीकडे फिरवा. अंगठ्यांखाली काहीतरी बारीक चाळवलं ना? डोकं जागचं ढळलेलं नाही. नुसती नजर फिरली, आणि मानेच्या तळाशी कुणीतरी सावध झालं. आज आपण त्यांच्याकडे निघालोय, आणि वाट पासलीवरून जाते.

पासली म्हणजे वेल्ह्याहून केळदकडे निघालं की लागणारं गाव. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तुम्ही उतरणार आहात त्या साली ते वेल्हेच आहे. १९६१ चा जुलै, पहिला आठवडा. खाचरात पोटरीभर चिखलात तुम्ही उभ्या आहात. हो, उभ्या, या फेरीत तुम्ही बाई आहात, पंचविशीच्या आतबाहेरच्या. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, डाव्या हातात भाताच्या रोपांची मूठ. उजव्या हाताची बोटं रोप घेऊन चिखलात जातात, रिकामी वर येतात, पुन्हा जातात. डोक्यावर इरलं. बांबूच्या कामट्यांच्या जाळीत पळसाची पानं दाबून बसवलेली. ते डोक्यावर टेकतं आणि पाठीवरून कमरेखाली उतरतं. पाऊस त्याच्यावर तडतडतो, तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. बांधावरचा बाप्या घोंगडीची खोळ घेऊन बैलांशी बोलतोय.

तोरणा कुठे आहे हे ठाऊक असूनही दिसत नाही. त्याच्या पलीकडे आंबी नदीवर पानशेतचं धरण पुरतं बांधून झालेलं नाही आणि पाणी चढतंय. १२ तारखेला ते फुटणार, पुण्यात हाहाकार उडणार. तुम्हाला हे माहीत आहे, पण सांगणार कोणाला? शेजारच्या आत्याबाईंना उजेड आहे तोवर अजून दोन खाचरं उरकायची आहेत.

वाऱ्याचा झोत येतो. इरल्याची मागची कड उचलली जाते, त्याबरोबर डोकं पुढे ओढलं जातं आणि तुम्हाला कळायच्या आत ते जागेवर आलेलं असतं. हात थांबलेला नाही. रोप जिथे लागायचं तिथेच लागलं. डोकं सावरायचं असं तुम्ही ठरवलंच नव्हतं. मग ठरवलं कोणी?

"आगं, मूठ दे की इकडं!"

आत्याबाईंची हाक आली की तुम्ही वर बघता. पण कसं बघता तेही बघा. कंबर वाकलेलीच, पाठ आडवी, खांदे होते तिथेच. वर होते ती फक्त हनुवटी. कवटी पहिल्या मणक्यावर जराशी मागे झुकली, बस्स. मान म्हणून आपण जो सात मणक्यांचा खांब समजतो त्यातला अगदी वरचा एकच सांधा हलला. त्या सांध्यामागे, तुमच्या ओल्या अंबाड्याच्या खाली खोलवर, बोटाच्या पेराएवढे दोन स्नायू आहेत. एक डावा, एक उजवा. नाव अंगापेक्षा लांब: रेक्टस कॅपिटिस पोस्टीरियर मायनर.

आता दोन महिने मागे सरका. वैशाख. आषाढात जिथे पाऊस तोंड वर करू देत नाही, तिथे मे महिन्यात झऱ्याला वाटी वाटीनं पाणी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी हंडा, त्याच्यावर कळशी. वाट उताराची, पायाखाली घसरडी खडी, आणि तुम्ही मागे वळून मैत्रिणीशी बोलताय. अख्खी वळताय, पायापासून. डोकं तेवढं वळवायची सोय नाही. तुमच्या डोक्याचं स्वतःचं वजन साडेचार-पाच किलो, वर पंधरा-वीस किलो पाणी. हे सगळं कवटीच्या तळाशी असलेल्या दोन गुळगुळीत उंचवट्यांवरून खाली पहिल्या मणक्याच्या दोन खोबणींत उतरतं. हाडावरून हाडावर. हा मणका, ॲटलस, बाकीच्यांसारखा नाही. त्याला मधलं भरीव अंगच नाही. तो नुसतं कडं आहे, दोन्ही बाजूंना जाड. ओझं त्या जाड बाजूंवरून निघून जातं, आणि मागच्या आपल्या चिमुकल्या जोडीवर त्यातलं काहीच येत नाही.

केनियात लुओ बायका डोक्यावर ओझं नेतात आणि किकुयू बायका कपाळाला पट्टा लावून पाठीवर. त्यांच्यावर १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंतचं ओझं त्या जास्तीची ऊर्जा न खर्चता वाहत होत्या. त्यापुढे मात्र खर्च वाढत जातो. तुमचं वजन पंचेचाळीस किलो धरलं तर पाचवा हिस्सा होतो नऊ किलो. तुमच्या डोक्यावर त्याच्या दुप्पट आहे. म्हणून डोक्यावरच्या हंड्याचं काव्य करणाऱ्यांपासून जरा सावध राहिलेलं बरं. फुकट काही नाही.

मग त्या पेराएवढ्या स्नायूचं काम काय? ते बघायला मान उघडावी लागेल, आणि त्यासाठी पुण्याला जावं लागेल. चला, १९५० चा जानेवारी. ससून रुग्णालयाला लागून बी. जे. मेडिकल कॉलेज. १८७८ साली इथे बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची मेडिकल स्कूल सुरू झाली, तिचं कॉलेज झालं १९४६ मध्ये. आदल्याच वर्षी, १९४९ ला, मुंबई सरकारनं ॲनाटॉमीचा कायदा केलाय: ज्या मृतदेहावर कोणी हक्क सांगत नाही तो वैद्यकीय शिक्षणासाठी देता येईल. तुमच्यासमोर टेबलावर पालथा असलेला देह कोणाचा, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तुम्ही पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आहात, फॉर्मलिननं डोळे चुरचुरतायत, आणि टेबलाच्या कडेला कनिंगहॅमचं मॅन्युअल उघडं पडलंय, पानांना तेलकट डाग.

छातीखाली ठोकळा घातलाय, त्यामुळे डोकं पुढे लोंबतंय आणि मान मागून ताणलेली आहे. पहिला छेद. मानेमागची त्वचा जाड असते. चिमट्यात धरून ओढताना मनगट दुखतं. तिच्याखाली ट्रॅपेझियस, खांद्यापर्यंत पसरलेला. पाती फिरवून तो बाजूला करा. मग तिरका जाणारा स्प्लेनियस. मग सेमीस्पायनॅलिस, चांगला जाडजूड, त्याच्यातून वाट काढत वर टाळूकडे जाणारा एक ठसठशीत मज्जातंतू. तो जपा, सर विचारतील. सेमीस्पायनॅलिस कवटीपासून सोडवून खाली उलटवलात की चरबी आणि चिवट तंतूंचा गुंता लागतो. इथे पाती ठेवून द्या, बोथट अवजारानं हळूहळू मोकळं करा. आता तीन छोटे स्नायू दिसू लागले, त्यांचा त्रिकोण झालाय, आणि त्रिकोणाच्या तळाशी मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल रोहिणी ॲटलसच्या पाठीवरून वळण घेतेय.

टेबलाभोवतीची सगळी डोकी त्या त्रिकोणावर वाकलेली आहेत, कारण तोंडी परीक्षेत त्रिकोण विचारतात. त्याच्या सीमा सांग, तळ सांग, आत काय आहे सांग. आपला स्नायू या त्रिकोणाची बाजू नाही. तो आतल्या अंगाला, मध्यरेषेला चिकटून बसलाय, आणि त्याच्यावर मार्क नाहीत. तुम्ही तेवढं बघा. खाली ॲटलसच्या मागच्या कमानीवर मधोमध एक टेंगूळ आहे, तिथून तो निघतो, अरुंद. वर जाताना रुंद होतो आणि कवटीच्या तळहाडाला लागतो, मज्जारज्जू ज्या मोठ्या छिद्रातून उतरतो त्याच्या जरा मागे. शेजारचा त्याचा मोठा भाऊ, त्याच नावाचा 'मेजर', दुसऱ्या मणक्यापासून येतो, म्हणून तो दोन सांधे ओलांडतो. आपला एकच ओलांडतो: मान डोलावून हो म्हणताना जो हलतो तो. नाही म्हणायचा सांधा त्याच्या खालचा.

ओढून बघा हवं तर. एवढ्याशा मांसात डोकं मागे खेचण्याची ताकद ती कितीशी? आणि डोकं मागे खेचण्याची गरज तर कायमच आहे, कारण डोक्याचा तोल त्या दोन उंचवट्यांच्या पुढे पडतो. वेल्हे एसटीत डुलकी लागलेल्या कोणाहीकडे बघा, बहुतेकांचं डोकं पुढेच पडतं. पण ते जड काम वरचे मोठे करतात, जे तुम्ही मघाशी उलटवून ठेवलेत. हा धाकटा मग कशासाठी?

पुढचं बघायला म्हणून तुम्ही त्याला खालून सोडवता आणि वर उचलता. त्याच्या पोटाखालून काही पांढुरके तंतू कवटी आणि ॲटलसमधल्या पडद्यात शिरत होते, ते तुटतात. कोणाचं लक्ष नाही. आत्ता तुम्ही काय तोडलंत हे गाजायला अजून पंचेचाळीस वर्षं आहेत.

तोवर वेळ आहे, तर आणखी खूप मागे जाऊ. परंपरा सुश्रुताला काशीशी जोडते. तुम्ही गंगेच्या काठी आडबाजूला, साधारण दोन हजार वर्षांमागे, नाकावर उपरणं धरून उभे आहात. प्रवाहात एक पिंजरा बांधून ठेवलाय. आत गवतानं गुंडाळलेला देह. सात रात्री झाल्या. आता तो बाहेर काढतील आणि वाळ्याच्या, बांबूच्या, गवताच्या कुंच्यानं हळूहळू घासत त्वचेपासून आत जातील, एकेक थर डोळ्यांनी बघत. शस्त्र न लावता शरीर उघडण्याची ही पद्धत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दिली आहे. तिथे पाचशे पेशी, म्हणजे स्नायू, मोजल्यात, त्यातल्या चौतीस मानेपासून वर. माझं मत विचाराल तर, सात रात्री पाण्यात मुरलेल्या मानेत आपली ही जोडी वेगळी ओळखता आली असेल असं मला वाटत नाही. कुंच्याच्या दोन फटकाऱ्यांत ती गेली असेल.

पण तिचा पत्ता मात्र त्यांना ठाऊक होता. शरीरातल्या एकशे सात मर्मांत कृकाटिका नावाची दोन मर्मं आहेत, डोकं आणि मान जिथे जुळतात तिथे, एक डावं आणि एक उजवं. तिथे इजा झाली तर माणूस मरत नाही. त्याचं डोकं स्थिर राहत नाही, हलत राहतं, असं संहिता सांगते. हे पिंजऱ्यातल्या देहावरून कळणं शक्य नाही. घाव बसूनही वाचलेल्या माणसाकडे कोणीतरी नीट बघितलं असणार. ताकद गेली असं तिथे म्हटलेलं नाही, स्थैर्य गेलं असं म्हटलंय. फरक मोठा आहे.

तिथून पुन्हा पासलीच्या वाटेवर, पण १६७० मध्ये. माघ वद्य नवमी उलटून गेली आहे, इंग्रजी हिशेबानं ४ फेब्रुवारी. सिंहगड हाती आलाय आणि तानाजी मालुसरे पडलेत. त्यांचा देह याच मुलखातून, केळदवरून मढे घाटानं खाली उमरठला नेला, असं इथली परंपरा सांगते. तुम्ही खांदेकऱ्यांतले एक. वद्य पक्षातल्या रात्री चंद्र उशिरा उगवतो, पलित्याचा उजेड पुढच्या दोन पावलांपुरता. दांडा उजव्या खांद्यावर. तो ट्रॅपेझियसमध्ये रुततोय आणि तुमची मान डावीकडे रेटतोय. असं असूनही तुमचे दोन्ही डोळे एका पातळीत आहेत. खांदा बदला, दांडा डावीकडे घ्या: मान उजवीकडे रेटली जाईल आणि नजर तरीही सपाट राहील. घाटाच्या तोंडाशी आल्यावर अंग पुढे कलतं, गुडघे भरून येतात, दगड सुटतो, पाय घसरतो, पण पलिता हलल्यासारखा दिसत नाही. पलिता हलतोय, तुम्हीही हलताय. हलत नाहीये ती फक्त तुमची नजर. कानातली तोलाची इंद्रियं सांगतात की डोकं किती कललं. पण अंगाच्या मानानं डोकं कुठे आहे, हे कानाला कळत नाही. ते मानेकडून कळावं लागतं.

खांद्यावरच्या त्या देहातही हीच जोडी होती. मरणानंतर काही तासांत अंग ताठरतं तेव्हा ते आधी जबड्यात आणि मानेत जाणवतं, मग खाली हातापायांत पसरतं. डोकं स्थिर असतं तेव्हा, अगदी स्थिर. पण आतून कसलीच खबर जात नाही.

आता पुढे. १९९५, अमेरिकेतलं मेरीलँड. गॅरी हॅक आणि त्यांचे सहकारी 'स्पाइन' या नियतकालिकात लिहितात की या धाकट्या स्नायूपासून निघालेले जोडतंतू कवटी-ॲटलसमधल्या पडद्यातून आत जाऊन थेट ड्यूराला, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणाला, लागलेले आहेत. हेच तुम्ही पुण्यात तोडलं होतंत. आधीही काहींच्या नजरेला ते पडलं होतं, पण बोलबाला झाला तो इथून. एक हालचालीचा स्नायू आणि मेंदू-मज्जारज्जूचं आवरण यांचा सरळ दुवा! मान मागे झुकली की ड्यूराला आत घडी पडून ती मज्जारज्जूवर येऊ नये म्हणून हा स्नायू तिला मागे खेचून धरत असावा, असा एक तर्क. ड्यूराला वेदना कळतात, म्हणून मानेतून निघणाऱ्या डोकेदुखीचा एक धागा इथे असावा, हा दुसरा. चीनमध्ये डालियानला एका गटानं पुढे जाऊन म्हटलं की डोकं हलताना या ओढीनं मेंदूभोवतीचा द्रव खेळता राहत असेल. वाद मिटलेला नाही. डोकेदुखीचं म्हणाल तर, दुवा दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. पण मानेवर दोन बोटं दाबून तीस वर्षांची अर्धशिशी घालवतो म्हणणारे आता गल्लोगल्ली भेटतात, त्यांना एवढं थांबायला सवड नसते.

मला स्वतःला दुव्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते, आणि तिच्यासाठी वेल्लोरला थांबायला हवं. ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, २००१. व्ही. कुलकर्णी, एम. जे. चांडी आणि के. एस. बाबू यांनी गर्भांच्या मानेतले हे खोल स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन त्यातले स्पिंडल मोजले. स्पिंडल म्हणजे स्नायूच्याच तंतूंमध्ये दडलेला, चातीच्या आकाराचा सूक्ष्म संवेदक. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगानं, हे तो मज्जारज्जूला कळवतो. या मोजणीत दर ग्रॅमला खालच्या तिरक्या स्नायूत २४२, वरच्या तिरक्यात १९० आणि रेक्टस कॅपिटिस पोस्टीरियरमध्ये ९८ स्पिंडल निघाले. गर्भाचे स्नायू वजनाला अगदीच थोडे, म्हणून हे आकडे मोठ्या माणसाला सरळ लावू नयेत. मोठ्यांचे आकडे १९८४ च्या एका अभ्यासात आहेत: आपल्या धाकट्यात ग्रॅमला ३६, आणि ज्याच्यावर आपण बसतो त्या ग्लुटियस मॅक्सिमसमध्ये, शरीरातल्या सगळ्यात थोराड स्नायूत, एकसुद्धा पुरा नाही, ०.८.

म्हणजे इरल्याची कड वाऱ्यानं उचलली तेव्हा आधी जागा झाला तो हा. अंशभर ताण पडला, स्पिंडलांनी तो टिपला, निरोप पहिल्या मानेच्या मज्जातंतूनं आत गेला, तिथे कानाकडून आणि डोळ्यांकडून आलेल्या खबरींशी ताडून पाहिला गेला आणि उलट टपाली मोठ्या स्नायूंना हुकूम सुटले. हंडा डोक्यावर असताना तर याशिवाय गत्यंतरच नाही. उभ्या रचलेल्या ओझ्याचा तोल गेला की तो सावरायला अवधी फार थोडा असतो, आणि कलणं लक्षात यायच्या आधी लक्षात आलं पाहिजे. याला स्नायू म्हणायचं, कारण तो आकुंचन पावतो. कामाच्या हिशेबानं तो इंद्रिय आहे. मानेच्या दुखण्यावर उपचार करणारे चांगले फिजिओथेरपिस्ट म्हणूनच मानेला नुसती वजनं उचलायला लावून थांबत नाहीत. डोक्याला छोटी लेझर बांधतात, डोळे मिटून मान वळवायला सांगतात आणि परत मधोमध आणून थांबा म्हणतात. भिंतीवरचा लाल ठिपका किती चुकला ते मोजतात. दुखऱ्या मानेचा ठिपका बऱ्याचदा जास्त चुकतो.

शेवटचा मुक्काम पासलीलाच, या वर्षीचा. आता तुम्ही तीन महिन्यांचे आहात. लुगडी, हंडे, दांडे यातलं तुम्हाला काही माहीत नाही. पाठीखाली गोधडी, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस. आशाताई वजनकाटा घेऊन आली आहे, तिची छत्री दारात गळतेय. ती तुमचे दोन्ही हात धरून तुम्हाला अलगद उठवून बसवते. जन्मल्यावर असं उठवलं असतं तर डोकं मागे लोंबलं असतं. आता ते अंगाबरोबर येतं, थोडं मागे राहून.

"मान धरली का ओ, आजी?"

"धरली की! परवाधरनं. एश्टी वाजली की वळून बघतंय."

वळणावर एसटी खरोखरच भोंगा देते. तुम्ही वळता. डोकं हवं त्यापेक्षा जरा पुढे जातं, लटपटतं, अर्धं परत येतं, पुन्हा दाराकडे सरकतं. आशाताई वहीत खूण करते आणि लस कधीची आहे ते आजीला सांगू लागते.